वारा फिरायच्या आधी: ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी मुंबईची धावपट्टी उलटवताना

नवी मुंबईचा विमानतळ सुरू व्हायच्या आधीची ही संध्याकाळ आहे. तेव्हा ड्युटीवर असलेल्यांशी बोलून हे लिहिलं आहे. माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत आणि घड्याळातल्या वेळा थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत. घटनांचा क्रम, वाऱ्याचं वागणं आणि निर्णय मात्र जसे झाले तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत. मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम, सुमारे ३,४५० मीटरची. दुसरी वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी, तीन किलोमीटरपेक्षा थोडी कमी. या दोन्ही एकमेकींना छेदतात, म्हणून एकीवर विमान धावत असताना दुसरी वापरता येत नाही. प्रत्यक्षात मुंबईचं सगळं काम एका वेळी एकाच पट्टीवर चालतं. याच अवस्थेत ११ नोव्हेंबर २०२३ ला या विमानतळाने चोवीस तासांत १,०३२ विमानं हाताळली.

धावपट्टीला नावं दिशेवरून पडतात. पूर्वेकडून, म्हणजे घाटकोपर-जरीमरीच्या बाजूने पश्चिमेला तोंड करून उतरलात की ती ‘२७’ आणि समुद्राकडून, विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूने पूर्वेला तोंड करून उतरलात की तीच पट्टी ‘०९’. छेद देणारी पट्टी तशीच ‘१४’ आणि ‘३२’. वर्षातला बहुतेक काळ मुंबईत वारा पश्चिमेचा असतो, पावसाळ्यात नैर्ऋत्येचा आणि एरवी दुपारी समुद्रावरून येणारा. त्यामुळे इथला संसार २७ वर मांडलेला आहे. वेळापत्रकं, टॅक्सीवेवरची (पट्टीपर्यंत जायच्या रस्त्यांवरची) ये-जा, वैमानिकांची सवय, सगळं २७ गृहीत धरून चालतं.

विमानाला समोरून वारा हवा असतो, कारण जमिनीच्या हिशेबाने वेग कमी ठेवून उतरता येतं आणि कमी अंतरात थांबता येतं. पाठीमागून वारा असेल तर उलटं होतं. उतरण्याच्या वेगाच्या दहा टक्क्यांइतका जरी वारा मागून आला तरी लागणारं अंतर साधारण वीस टक्क्यांनी वाढतं, पट्टी ओली असेल तर आणखी. बहुतेक प्रवासी विमानांना दहा नॉटपर्यंत टेलविंड चालतो, काहींना पंधरा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.

आता ऑक्टोबर. परतीचा पाऊस सुरू झाला की दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रचले जातात आणि संध्याकाळी ते समुद्राकडे सरकतात. मुरबाड, कर्जत, बदलापूर, कल्याण, ठाणे असा त्यांचा रस्ता मुंबईकराच्या ओळखीचा आहे. पाऊस पोचायच्या आधी ढगाखालची थंड हवा जमिनीवर आपटून पुढे पसरते. मरगळलेल्या उकाड्यात अचानक धुळीचा वास घेऊन जो गार झोत येतो तो हाच, आणि तो पूर्वेचा असतो. म्हणजे दिवसभर २७ ला समोरून मिळणारा वारा काही मिनिटांत थेट पाठीवर येतो.

त्या संध्याकाळी

साडेचारच्या सुमाराला हवामान खात्याच्या वेरावलीच्या रडारवर मुरबाड-कर्जतच्या पट्ट्यात ढगांची रांग दिसत होती. नियंत्रण टॉवरमधून बघितलं तर आकाश स्वच्छ, फक्त पूर्वेला काळपट कड. जमिनीवरचा वारा २९० अंशांवरून, म्हणजे जवळजवळ पश्चिमेकडून, दहा नॉट. कामाच्या दृष्टीने उत्तम.

पाच-वीसला कल्याणच्या बाजूने फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, येणाऱ्या एका वैमानिकाने सांगितलं, चार हजार फुटांवर मागून वीस नॉट वारा आहे. पाठोपाठ दुसऱ्यानेही तेच सांगितलं. पाच-पस्तीसला हवामान कक्षाची सूचना आली: सहा ते आठच्या दरम्यान गडगडाटी वादळ, ईशान्येकडून तीस नॉटपर्यंत झोत.

वाऱ्याचा त्रास आधी अंतरांमध्ये दिसला. पुढचं विमान हजार फुटांवर आलं की त्याला समुद्राचा समोरचा वारा लागायचा, जमिनीवरचा वेग एकशे तीस नॉटच्या आसपास. मागचं अजून चार हजार फुटांवर, पाठीवर वीस नॉट घेऊन जवळजवळ दोनशेने येत असलेलं. दोन उतरणाऱ्यांच्या मध्ये एक उड्डाण सोडायचं तर साधारण पाच सागरी मैल मोकळे लागतात. पाच मैलांनी ओवलेली रांग पट्टीजवळ येईपर्यंत साडेतीनवर येत होती. मधली उड्डाणं सोडता येईनात आणि २७ च्या टोकाला, जरीमरीच्या भिंतीपाशी, निघणाऱ्यांची रांग वाढू लागली.

अप्रोचवरचा, म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानांची रांग लावणारा, तरुण अधिकारी आणि त्या पाळीच्या पर्यवेक्षक मॅडम दोघंही मराठी, त्यामुळे रेडिओवरचं इंग्रजी सोडलं तर आपसातलं बोलणं मराठीतच चाललेलं.

“मॅडम, वरचा वारा पूर्ण फिरलाय. शून्य-नऊचं बघायचं का?”

“खाली अजून दहाचा समोरून आहे रे. आत्ता फिरवलं तर तोच दहा शून्य-नऊला मागून लागेल. आधी ही रांग काढून घेऊ.”

पावणेसहाचा हा संवाद म्हणजे या प्रकरणातला पहिला निर्णय. मॅडम म्हणाल्या त्यात चूक काहीच नव्हतं, हे आधी मान्य करायला हवं. २९० अंशांवरून दहा नॉट म्हणजे ०९ ला उतरणाऱ्यासाठी नऊ नॉटहून थोडा जास्त टेलविंड. मर्यादेच्या काठावर. आवाजाचा त्रास कमी व्हावा म्हणून सोयीची पट्टी निवडतानासुद्धा आंतरराष्ट्रीय शिफारस पाच नॉटांच्या टेलविंडवर थांबते. भर गर्दीत, हातातली चांगली पट्टी सोडून त्या काठावर जायला कोण तयार होईल?

समोरचे पर्याय

कागदावर पर्याय चार होते.

पहिला, २७ चालू ठेवणं. फायनलवर सहा विमानं आणि पट्टीच्या टोकाला नऊ. ही पंधरा मोकळी झाली की मग बघू, हा विचार. धोका एकच: वारा आपल्या रांगेसाठी थांबत नाही.

दुसरा, लगेच ०९. त्याची अडचण वर आलीच. शिवाय मुंबईत पट्टी उलटवणं म्हणजे अरुंद गल्लीत वरात मागे फिरवणं. फायनलवरची विमानं समुद्राकडे वळवून आणायची. पूर्व टोकाला उभी असलेली विमानं समांतर टॅक्सीवेवरून पार पश्चिम टोकाला न्यायची. वैमानिकांना उड्डाणाचे आकडे पुन्हा काढावे लागतात, संगणकात मार्ग पुन्हा भरावा लागतो. ०९ चा उतरण्याचा मार्ग जुहूच्या अगदी शेजारून जातो. बॉम्बे हायच्या रिगवरून हेलिकॉप्टरं संध्याकाळी परतत असतात ती नेमकी तिथेच, त्यामुळे जुहूशी आधी बोलावं लागतं. जुहूची पट्टीही जवळजवळ त्याच दिशेची आहे. २४ सप्टेंबर १९७२ ला एका परदेशी कंपनीचं डीसी-८ सांताक्रूझ समजून चक्क जुहूला उतरलं होतं. इतक्या वर्षांत उपकरणं खूप पुढे गेली, तरी समुद्राकडून येताना आधी जुहू लागतं हा भूगोल बदललेला नाही.

०९ वरून उडताना आणखी एक कोंडी असते. समोर पूर्वेला वादळ. उजवीकडे वळावं तर तुर्भ्याचा (ट्रॉम्बेचा) सुमारे तीनशे मीटरचा डोंगर आणि अणुसंशोधन केंद्रावरची बंदी असलेली हवाई हद्द. उरली डावी बाजू, पवईवरून उत्तरेला. म्हणजे ०९ ला उतरणं सोपं, उडणं कठीण.

तिसरा पर्याय १४, म्हणजे वर्सोव्याच्या बाजूने समुद्रावरून येऊन छेदपट्टीवर उतरणं. अपेक्षित वारा ६० अंशांवरून वीस नॉट धरला तर हिशेब असा पडतो: २७ ला सतरा नॉट मागून, ०९ ला तेच सतरा समोरून आणि १४ ला जवळजवळ साडेएकोणीस नॉट आडवे. कोरड्या पट्टीवर हा आडवा वारा बहुतेकांना झेपतो. ओल्या पट्टीवर, झोत तीसला गेले तर, पुष्कळ कंपन्यांच्या स्वतःच्या मर्यादा आड येतात. तिथे तासाची क्षमताही पस्तिशीच्या आसपास आणि उतरणं सोडून परत वर जायची वेळ आलीच तर समोर तुर्भेच. १४ बाद झाली ती योग्यच.

चौथा, सगळ्यांना थोपवून वादळ जाऊ देणं. सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत महाग.

या यादीत एक पर्याय नव्हताच: पट्टी २७ च ठेवायची, पण तयारी ०९ ची सुरू करायची. माझ्या मते या संध्याकाळची खरी गोष्ट तिथे आहे. ‘धावपट्टी बदलायची का’ असा एकच प्रश्न विचारला गेला आणि त्याचं त्या क्षणाचं बरोबर उत्तर ‘नाही’ असं आलं. त्या ‘नाही’बरोबर तयारीही मागे पडली, जिचा निर्णय वेगळा घेता आला असता.

काय केलं

पावणेसहानंतर वीस मिनिटं २७ चालू राहिली. दहा मिनिटांत चार विमानं उतरली, अंतर फारच कमी पडल्याने एक परत वर गेलं. टर्मिनल २ वरून निघालेली विमानं नेहमीप्रमाणे पूर्व टोकाच्या रांगेत जाऊन उभी राहत होती. टर्मिनल १ पश्चिमेला, ०९ च्या टोकाजवळ आहे, पण तिथली विमानंही पूर्वेलाच निघाली. दिल्लीतल्या केंद्रीय प्रवाह-नियंत्रण कक्षाला अजून काही कळवलेलं नव्हतं, त्यामुळे बाहेरगावांहून मुंबईकडे उड्डाणं ठरल्या वेळी सुटत होती.

पाच-पंचावन्नला जमिनीवरचा वारा २८० अंश, पाच नॉट झाला. समुद्राचा वारा दमत चालला होता. टॉवरमध्ये याची नोंद झाली. ‘पडला वारा’ असं कुणीतरी म्हणालंही. त्यावर कृती मात्र झाली नाही, कारण पाच नॉट म्हणजे २७ साठीही छान.

सहा-पाचला काचेसमोरच्या दोन वारा-दर्शकांवर दोन वेगळे वारे दिसले. २७ च्या टोकाला ७० अंशांवरून बारा नॉट, झोत अठरा. ०९ च्या टोकाला अजून २८० वरून सहा. साडेतीन किलोमीटरच्या एकाच पट्टीवर एका टोकाला पूर्वेचा वारा, दुसऱ्याला पश्चिमेचा. मधे कुठेतरी दोन हवा एकमेकींना भिडत होत्या. जरीमरीकडून धूळ उठलेली टॉवरमधून दिसत होती, सांताक्रूझच्या बाजूचा वारामोजा जेमतेम हलत होता.

अशा वेळी पट्टीचं कुठलंच टोक चांगलं नसतं. फायनलवरच्या पहिल्या विमानाला पाचशे फुटांवर वेग अचानक पडल्याचं जाणवलं आणि ते परत वर गेलं. दुसऱ्याने न विचारताच उतरणं सोडलं. सहा-आठला मॅडमनी सगळं थांबवलं. दुसऱ्या निर्णयाचा हा क्षण, आणि तो निःसंशय उत्तम घेतला गेला. “कुणी उतरायचं नाही, कुणी उडायचं नाही. पुढचं सांगते.” रांग बघून एक तरी उड्डाण सोडायचा मोह कुणालाही झाला असता. टोकावरच्या वैमानिकाने विचारलंही होतं. वारा विचित्र असताना ‘एवढं एक जाऊ द्या’ हे वाक्य फार महागात पडू शकतं.

सहा-बाराला ०९ जाहीर झाली. त्यानंतर जे आधी करता आलं असतं ते सगळं एकदम करावं लागलं. हवेतली विमानं समुद्राकडे वळवणं, जुहूशी बोलणं, पूर्व टोकाच्या अकरा विमानांना पश्चिमेला फिरवणं, दिल्लीला कळवणं. ०९ वर पहिलं विमान उतरलं सहा-एकतीसला.

सहा-पन्नासला ढगच विमानतळावर आला. पलीकडचं टर्मिनल दिसेना इतका पाऊस. काम पुन्हा थांबलं, ते सात-पंचवीसला सुरू झालं.

तिसरा निर्णय त्यानंतरचा. पाऊस ओसरला तेव्हा वारा ४० अंशांवरून सहा नॉट. दोन कंपन्यांच्या ऑपरेशन्सकडून २७ परत कधी मिळणार अशी विचारणा सुरू झाली, कारण ०९ वरून टर्मिनल २ च्या विमानांना टॅक्सी लांब पडते. मॅडमनी नकार दिला. ढगांची दुसरी, लहान रांग अजून कल्याणपाशी होती आणि पुन्हा फिरवाफिरवी केली असती तर आणखी पंधरा-वीस मिनिटं गेली असती. रात्री गर्दी उतरल्यावर, आपोआप पडलेल्या फटीत, २७ परत घेतली. हा निर्णय फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. मला तो या संध्याकाळचा सर्वांत परिपक्व निर्णय वाटतो.

परिणाम

कुणाला इजा झाली नाही, कुठलं विमान पट्टीवरून घसरलं नाही. मुंबईच्या संदर्भात हे आवर्जून नोंदवायला हवं. १ जुलै २०१९ च्या रात्री पावसात एक विमान मुख्य पट्टीच्या पुढे घसरत गेलं, तेव्हा ती पट्टी चार दिवसांच्या आसपास बंद राहिली आणि सगळा भार छेदपट्टीवर आला.

खर्च झाला तो वेळेचा. सहा-आठ ते सहा-एकतीस ही तेवीस मिनिटं पट्टी पूर्ण रिकामी होती. तासाला चव्वेचाळीस विमानं धरली तर सतरा विमानांची जागा गेली. त्याहून मोठं नुकसान पुढचं: वादळ येईपर्यंत ०९ ला उतरायला समुद्राकडचं स्वच्छ आकाश मिळालं ते जेमतेम एकोणीस मिनिटं. तेवढ्यात जी उतरली ती उतरली. बाकीची समुद्रावर घिरट्या घालत राहिली आणि इंधनाचा हिशेब संपत आला तशी अहमदाबाद, हैदराबाद, गोव्याकडे गेली. रात्रीच्या उड्डाणांचा उशीर मध्यरात्रीनंतरही निवळला नव्हता. पूर्व टोकाला अडकलेल्या एका विमानातले प्रवासी तीन तासांनी त्याच गेटवर परतले, कारण कर्मचाऱ्यांचे कामाचे तास संपले होते.

वेगळं काय करता आलं असतं

पाच-वीसला वरच्या वाऱ्याची पहिली खबर आली तेव्हाच घड्याळ सुरू झालं होतं. चार हजार फुटांवर वारा फिरला, रडारवर ढग आपल्याकडे सरकताना दिसतात आणि खालचा समुद्रवारा उतरतीला लागला, ही तीन चिन्हं एकत्र आली की तयारी सुरू व्हावी. पट्टी २७ च राहील. पण चाळीस मैलांपलीकडच्या विमानांना समुद्राच्या बाजूने आणावं, तिथून दोन्हींकडे वळवता येतं. टर्मिनल १ च्या विमानांना पूर्वेला पाठवू नये. टर्मिनल २ वर जी अजून गेटला आहेत ती तिथेच थांबवावीत, कारण गेटवरच्या विमानाला दिशा बदलायला फक्त कागद बदलावे लागतात. वैमानिकांना ‘०९ ची शक्यता’ एवढं सांगून ठेवावं. जुहूला आणि दिल्लीला कळवावं.

असं झालं असतं तर पाच-पंचावन्नला, वारा पाच नॉट असताना, एका ठरावीक विमानाकडे बोट दाखवून ‘हे शेवटचं २७ ला, पुढचं ०९ ला’ म्हणता आलं असतं. मधली फट आठ-दहा मिनिटांची पडली असती आणि वादळाआधी स्वच्छ आकाशाचा निदान पाऊण तास मिळाला असता. झोताची आघाडी पट्टीवरून सरकताना मधे थांबावं लागलंच असतं, तेवढी मिनिटं वजा करूनही हिशेब बराच बरा.

यावर एका निवृत्त ज्येष्ठ नियंत्रकांनी हरकत घेतली आणि ती वजनदार आहे. ते म्हणाले, “ऑक्टोबरात ठाण्यावर येऊन विरलेली किती वादळं मी बघितलीत. प्रत्येकाला घाबरून पट्टी फिरवायला लागलात तर महिनाभर विमानतळ नुसता गोल गोल फिरेल.” पट्टी फिरवण्याबाबत ते बरोबर आहेत. तयारीबाबत मी सहमत नाही. वादळ ठाण्यावर विरलं तर समुद्राकडून आणलेल्या विमानांना चार-पाच मिनिटं जास्त लागतील, गेटवरची विमानं दहा मिनिटं उशिरा निघतील. हा भुर्दंड महिन्यातून चार-पाचदा फुकट भरला तरी त्या एका संध्याकाळपेक्षा स्वस्त पडतो.

तयारी करायला मात्र वेळापत्रकात सैलपणा लागतो. तासाला ४६ विमानं बसवलेल्या पट्टीवर दहा मिनिटंही उसनी मिळत नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत गर्दीच्या तासांची मर्यादा ४६ वरून ४४ वर आणली गेली, तेव्हा कंपन्यांनी फेऱ्या गेल्याची तक्रार केली. अशा संध्याकाळच्या हिशेबात त्या दोन जागा फार मोलाच्या आहेत.

वाऱ्यापुढे निवडच उरत नाही अशीही संध्याकाळ असते. १३ मे २०२४ ला धुळीचं वादळ आलं तेव्हा विमानतळ ६६ मिनिटं बंद ठेवावा लागला आणि १५ विमानं दुसरीकडे वळवावी लागली. त्या दिवसाची आणि या प्रकरणाची सरमिसळ करू नये. इथे वाऱ्याने पाऊण तास आधी कळवलं होतं.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली आहेत. तिथली धावपट्टी ०८-२६, म्हणजे मुंबईच्या मुख्य पट्टीला जवळजवळ समांतर आणि सरळ रेषेत सुमारे पंचवीस किलोमीटरवर. पूर्वेचा झोत आता दोन्ही विमानतळांना काही मिनिटांच्या अंतराने गाठणार, आणि बहुधा उलव्याला, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळाला, आधी. तिथल्या वारा-दर्शकावरचा आकडा सहारच्या, म्हणजे मुंबई विमानतळाच्या, टॉवरमध्ये त्याच क्षणी दिसला, तर पाच-पंचावन्नच्या त्या पाच नॉटांकडे बघायची नजरच वेगळी असेल.